खोली बापयांची, पार्टी आमची

मंगळवार, १३ जानेवारी. कुडाळ

मागच्या नवरात्रात आम्ही तिघी मुंबईला भोंडल्याची गाणी गायला गेलो, अंधेरीच्या एका लॉजवर उतरलो, आणि जे काही मिळालं ते लॉजवाल्याच्या हातावर ठेवून परत आलो. वर त्या खोलीत उंदीर होता. राजेश तेव्हा एवढंच म्हणाला, "मुंबई बघून आलात, छान झालं." नवऱ्याच्या बाकी सगळ्या चुका मी पोटात घातल्या आहेत, हे वाक्य घातलेलं नाही.

या खेपेला लॉज नाही म्हणजे नाही. उद्याच्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी सगळीकडे सोसायट्यांची हळदीकुंकवं, आणि आमची आमंत्रणं पक्की आहेत. मी पेटी वाजवते आणि गाते, श्वेता ढोलकी वाजवते, वनमालामावशींकडे झांज आणि उखाणे. मावशी शेजारच्या, निवृत्त नर्स. श्वेता सव्वीस वर्षांची, आणि खरी धास्ती तिचीच आहे. पुण्याचा मामा तिला केटरिंगच्या ऑफिसात बोलावतोय. या दौऱ्यात हाती काही उरलं नाही तर ती फेब्रुवारीत जाणार, असं तिने मला सरळ सांगितलंय. चिडता येत नाही, पोरीला पोट आहे. पण ढोलकी गेली की आमच्यात राहिलं काय? मी आणि मावशी देवळात आरत्या म्हणत बसू.

म्हणून मी डोकं चालवलं. आमच्या देवघळची मुंबईत खोली आहे. माझ्या बाबांनी गिरणीत असताना अर्धं आयुष्य त्या खोलीत काढलं, तेव्हा ती परळला होती. आता गावच्या मंडळाने ती विकून दहिसरला फ्लॅट घेतलाय, तरी सगळे अजून खोलीच म्हणतात. गावचा माणूस मुंबईला गेला की तिथे उतरतो. भाडं नाही, वर्षाची वर्गणी असते आणि आपल्या वारी स्वयंपाक, भांडी, झाडलोट. राजेशने तिथल्या गुणाजीकाकांना फोन करून सांगितलं की देवघळची पार्टी येतेय, तीन माणसं, पेटी-ढोलकी घेऊन. काका एकदम खूश. म्हणाले, खुशाल या, हवे तितके दिवस राहा.

बघा, इतकं सोपं होतं. संध्याकाळच्या बसची वेळ झाली.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत. दहिसर

इतकं सोपं नव्हतं.

सकाळी चेक नाक्यावर उतरलो, रिक्षाने खोलीवर आलो. सातवा मजला. गुणाजीकाकांनी दार उघडलं. सत्तरीचे, ताठ, कपाळाला अष्टगंध. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागे लिफ्टकडे पाहिलं, मग विचारलं, "पार्टी खंय?"

"आमीच पार्टी," मी म्हटलं.

आत तीन-चार पुरुष बनियनवर होते, ते एका क्षणात नाहीसे झाले. काकांना राजेशने पार्टी सांगितली होती, आणि देवघळात पार्टी म्हणजे भजनाची, आणि भजनाची म्हणजे बापयांची, पुरुषांची. त्यांनी आमच्यासाठी पानाचा डबासुद्धा भरून ठेवला होता. खोली झाल्यापासून तिथे बाईमाणूस राहिलेलं नाही. बायका गावाला असायच्या, खोली पुरुषांची. माझी आई कधी या खोलीत आली नाही, आणि मी आज पहिल्यांदा पाहिली. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, त्या दारात उभी असताना सुचलं.

काकांनी चहा दिला, तिळगूळ दिला आणि अगदी मायेने सांगितलं की तू करंजखोलला दिलेली, तर आता तुझी खोली ती करंजखोलवाल्यांची. ती घाटकोपरला आहे. त्यांचं काही चुकलंय असं त्यांना जराही वाटत नव्हतं.

मग पेटी, ढोलकी, तीन बॅगा उचलून मेट्रोने घाटकोपर. तिथल्या खोलीचे मुख्य रतनबुवा, राजेशचे चुलत काका, म्हणजे माझे चुलत सासरे. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी भरपूर आशीर्वाद दिले आणि म्हणाले, घरच्या सुनेला आम्ही पाच पुरुषांत कसं ठेवणार, लोक काय म्हणतील? त्यापेक्षा माहेरच्या खोलीवर जा, लेकीला कोण नाही म्हणणार?

वनमालामावशी तिथेच जिन्यात बसल्या आणि हसत सुटल्या. मला हसू येत नव्हतं. श्वेता गप्प होती, आणि ती गप्प असली की मला पुण्याचा मामा दिसायला लागतो.

परत दहिसर. या वेळी दार उघडल्यावर मी नुसती पेटी उंबऱ्यावर ठेवली. काकांनी आत जाऊन मंडळींशी कुजबुज केली. बाहेर येऊन म्हणाले, "म्हायेराक इल्यासारखी रव. रथसप्तमीपर्यंत. पण माहेरवाशीण काम करणा नाय, आणि माहेरवाशीण पैसे दिणा नाय. ह्या कबूल असात तर आत ये."

कबूल? मी त्यांचे पायच धरले. फुकट आणि वर काम नाही. राजेशला फोन करून ऐकवलं की मुंबईत राहायची सोय कशी करायची ते माझ्याकडून शिक.

शुक्रवार, १६ जानेवारी

आतली खोली आम्हाला दिलीय. बाहेर हॉलमध्ये काका, बाळाबुवा आणि सुयोग. आणखी एकजण गावाला गेलाय. बाळाबुवा पन्नाशीचे, दिवसा एका बँकेत शिपाई आणि बाकी सगळा वेळ भजनी बुवा. सुयोग आमच्याच वाडीतला, विमानतळावर सामान चढवायच्या कामावर आहे.

काल बोरिवलीचं हळदीकुंकू झकास झालं. मावशींनी असले उखाणे घेतले की एक आजी हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. वाण म्हणून तिघींना एकेक चहाची गाळणी मिळाली.

खोलीवर बदल बराच झालाय. सगळे पुरुष शर्ट घालून वावरतात. दोरीवरचे कपडे गच्चीवर गेले. बाळाबुवा घोरतात म्हणून त्यांना दाराशी झोपवलंय. आणि मला खरोखरच काडी उचलू देत नाहीत. सकाळी मी कप विसळायला घेतला तर काकांनी हातातून काढून घेतला. जेवायला बसवून वाढतात. काल बांगड्याचं तिखलं होतं, आज काळ्या वाटाण्यांची आमटी. मावशी म्हणाल्या, माझ्या सख्ख्या माहेरी असं कधी झालं नाही.

एकच गोष्ट खटकते. आम्ही तालमीला बसलो की गुणाजीकाका उठून बाहेर पॅसेजमध्ये जातात. काल गेले, आज गेले. आज तर जाताना खुर्च्याही घेऊन गेले. बाईमाणसाने पेटीवर बसलेलं पाहवत नसणार. जुनी माणसं, काय बोलायचं. आम्ही दार लावून घेतलं तर त्यांनी बाहेरून येऊन ते पुन्हा सताड उघडलं. गुदमरत असेल त्यांना.

रविवार, १८ जानेवारी

काल अंधेरी, आज सकाळी पुन्हा बोरिवली. वाण: साबणाच्या डब्या, मग प्लॅस्टिकची टोपली. टोपलीत आता बाकीचं वाण मावतं.

सुयोगचं काही कळत नाही. अंधेरीच्या कार्यक्रमाला तो ड्युटी संपवून आला आणि ढोलकी स्वतः उचलून खोलीपर्यंत आणली. पेटी जड असते, ती माझ्याकडेच. मी म्हटलं, पेटी घे ना रे. तर म्हणाला, "ताई, ढोलकीला कसं, सांभाळून न्यावं लागतं ना." विमानतळावर सामान हाताळतो म्हणून असेल, नाजूक वस्तूची त्याला समज आहे. श्वेताला मी म्हटलं, बघ, वाद्याची कदर कशी करतात. तिने मान खाली घालून हो म्हटलं. ही मुलगी अलीकडे माझं फार ऐकते.

सोमवार, १९ जानेवारी. मुलुंड

मुलुंडच्या संयोजिका मधुवंतीताई फार आग्रही. उद्या पुन्हा घाटकोपरला कार्यक्रम, मग दहिसरला कशाला जाता, आमच्याकडेच राहा, एसी आहे, गीझर आहे. मलाही वाटलं, सारखं माहेरवाशीण होऊन बसायला संकोच वाटतो, एक रात्र इथे काढू.

मंगळवार, २० जानेवारी. दहिसर

पळून आलो.

मधुवंतीताईंनी कार्यक्रमानंतर जेवण होताच आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, आता घरगुती होऊ दे. घरगुती म्हणजे त्यांचे व्याही, शेजारी, मग मोबाइलवर न्यू जर्सीची बहीण. तिकडे सकाळ होती, तिचा उत्साह ताजा होता. तिची फर्माईश, मग तिच्या मुलीची फर्माईश, मग मुलीला कुत्र्यासाठी एक गाणं हवं होतं. पहाटे साडेपाचला ताईंनी हळूच दारावर टकटक केली की आता एक भूपाळी होऊन जाऊ दे. बाई मनाने वाईट नाही, पण त्या घरात पाठ टेकण्याचं मोल गळ्याने चुकतं करावं लागतं.

घाटकोपरचा कार्यक्रम बसलेल्या आवाजात उरकला आणि सरळ दहिसर गाठलं. काकांनी काही न विचारता हळदीचं दूध दिलं. आत जाऊन आडवी झाले तेव्हा मला रडू आलं. बरं वाटलं म्हणून आलं. बाबा पाळीवरून येऊन अशाच कुठल्यातरी भिंतीला टेकत असतील, आणि कोणीतरी काही न विचारता चहा देत असेल. त्यांनी वीस वर्षं घराबाहेर काढली म्हणून मी लहानपणी त्यांच्यावर रागवायची. ते बाहेर नव्हते, इथे होते.

आणि मग एक गोष्ट लख्ख कळली. मला ही खोली या दौऱ्यापुरती नको आहे. माघी गणपती, श्रावणातली मंगळागौर, नवरात्र, दिवाळी पहाट. मुंबईत वर्षभर आम्हाला काम आहे, नाही ती फक्त उतरायची जागा. ही जागा हक्काची झाली तर श्वेता राहील आणि आमचं गाणं राहील. उद्या काकांशी बोलायचं.

बुधवार, २१ जानेवारी

बोलले. वाट लागली.

मी वर्षाची वर्गणी पुढे केली. मी, आयुष्यात रिक्षावाल्याला सुटे परत मागितल्याशिवाय न उतरलेली बाई, पैसे घेऊन हात पुढे करून उभी होते आणि घेणारा मागे सरकत होता. काका म्हणाले, माहेरवाशिणीकडून पैसे घेतले तर गाव त्यांना देवळाची पायरी चढू देणार नाही. मी म्हटलं, माहेरवाशीण नको, मला मेंबर करा. तर म्हणाले, मेंबर बापये. मी विचारलं, असं कुठे लिहिलंय? ते म्हणाले, लिहायची वेळच कधी आली नाही.

मग भांडी तरी घासू दे, म्हटलं. तेही नाही. इतक्या प्रेमाने नाही म्हणतात की भांडताही येत नाही. जेवताना मला दोन मोदक जास्त वाढले. ते गिळताना मला कळत होतं की हे लाड जितके वाढतील तितकी मी पाहुणी होत जाणार.

पुण्याच्या मामाचा फोन येऊन गेला. श्वेताने त्याला रविवारी कळवते म्हणून सांगितलं. मी आतून ऐकलं. म्हणजे रविवारपर्यंत काय ते.

सुयोग ढोलकी शिकतोय. आज कार्यक्रम नव्हता, तर त्याने तीन तास श्वेताकडून एकच बोल घटवून घेतला, तरी हाताला बसत नाही. एवढा ठोंब्या माणूस मी पाहिला नाही. पण चिकाटी आहे.

गुरुवार, २२ जानेवारी. माघी चतुर्थी

आज खोलीत सकाळपासून पळापळ. शनिवारी बोरिवलीच्या गणपतीपुढे डबलबारी आहे. एका बाजूला देवघळचा बुवा, समोर करंजखोलचा. आळीपाळीने अभंग, गवळण, गजर, आणि मध्ये मध्ये एकमेकांना टोमणे. दरवर्षी होते. निकाल कोणी लावत नाही, पण दहिसरवाले गेली कित्येक वर्षं मान खाली घालून परत येतात. रतनबुवांचा आवाजच तसा आहे, मंडपाचे बांबू हलतात. पूर्वी एकदा त्यांनी कणकवलीहून भाड्याचा बुवा आणला होता, त्यावरून मारामारी झाली. तेव्हापासून दोन्ही मंडळांनी गणपतीपुढे शपथ घेतलीय की बारीला बसेल तो खोलीचाच माणूस बसेल.

आणि बाळाबुवांचा घसा बसलाय. पार गेलाय. सकाळी उठले तर तोंडातून वाराच बाहेर येतो. गुळण्या, ज्येष्ठमध, मावशींनी वाफारे दिले, काही नाही. काका दिवसभर येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्यांनी येऊन माझ्यासमोर मांडी घातली आणि बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बारी धरशीत?"

मी म्हटलं, बाई पेटीवर बसलेली तुम्हाला बघवत नाही ना? त्यांना काही कळेना. शेवटी मावशीच म्हणाल्या, अगं, ते बाहेर बसून अख्ख्या मजल्याला ऐकवतात. सातशे चारच्या आजींसाठी खुर्ची नेतात रोज. मला हे माहीत असायला हवं होतं असं मावशींचं म्हणणं. मी काय तालीम सोडून पॅसेजमध्ये डोकावत बसू?

हो म्हणून बसलेय. शपथेचं काय, विचारलं तर काका म्हणाले, बघू.

शुक्रवार, २३ जानेवारी

झोप नाही. समोर कोण बसणार? सासरे. भर मंडपात, माइकवर, चुलत सासऱ्यांना टोमणे मारायचे आणि मग गणपतीच्या सुट्टीत करंजखोलला त्यांच्या पाया पडायचं. राजेशला फोन केला. वाटलं, तोच नको म्हणेल आणि सुटका होईल. तो म्हणाला, "काकांना एकदा कोणीतरी गप्प करायला हवंच आहे. मी शेजारच्या कामतांच्या पोराला सांगून मोबाइलवर लाइव्ह बघतो." नवरा हवा तेव्हा कधी आडवा येत नाही.

दुपारभर तालीम. आज आमच्यामागे कोरसला बाळाबुवा नुसते ओठ हलवत बसले आणि काका झांज घेऊन. सुयोगला टाळ्या दिल्यात, ढोलकीच्या शेजारी बसून. तिथूनच वाजवायच्या असं तो म्हणतो.

एक गवळण मी स्वतः रचलीय. म्हणेन की नाही ते त्या वेळी बघू.

रविवार, २५ जानेवारी. रथसप्तमी, सकाळ

कालचं लिहायला आत्ता बसलेय.

बारी चारला. मंडप भरलेला, पुढे बायका, मागे दोन्ही गावचे लोक. मी नऊवारी नेसून पेटीशी बसले तसा आवाज उठला. समोर रतनबुवा, पांढरा झब्बा, गळ्यात हार. माझ्याकडे पाहून हसले आणि माइक हातात घेतला. म्हणाले, आमच्या सूनबाईंचं आम्हाला कौतुक आहे, पण शपथ ती शपथ. बारीला खोलीचा माणूस लागतो. ही त्यांच्या खोलीत पाहुणी, आणि खरी ती आमची. देवघळकरांकडे बुवा नसेल तर त्यांनी हार कबूल करावी, आम्ही एकटेच गणपतीची सेवा करू.

मंडप हसला. माझे कान तापले, आणि खरं सांगायचं तर मी पेटीचा भाता मिटलासुद्धा. बुवांचं बरोबरच होतं. मी कोणाचीच नव्हते. सूनही ठेवून न घेण्यापुरती आणि लेकही लाड करण्यापुरती.

गुणाजीकाका माझ्या मागून उठले. मला वाटलं, आता बुवांच्या अंगावर जाणार. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर हात पसरला. "वर्गणी काढ."

"आता? हयसर?"

"गणपतीपुढ्यात. काढ."

मी कमरेची पिशवी सोडली. लॉजचे म्हणून वाचवलेले पैसे तिच्यातच होते, त्यातलेच बुधवारी काकांनी घेतले नव्हते. वर्षाची वर्गणी मोजून दिली. काकांनी खिशातून मंडळाचं पावतीपुस्तक काढलं. म्हणजे घरून निघतानाच घेऊन निघाले होते, बुधवारी मला नाही म्हणणारा माणूस. पुस्तक माझ्या पेटीवर ठेवलं, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि विचारलं, "नाव कसा लिवू गो? बापाशीचा की घोवाचा?"

माइक सुरूच होता. सगळा मंडप ऐकत होता. उत्तरा घाडी म्हणाले तर माहेरची, म्हणजे पुन्हा माहेरवाशीण. उत्तरा पालव म्हणाले तर जा घाटकोपरला. मी श्वेताकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं.

म्हटलं, "उत्तरा आणि पार्टी."

काकांनी तसंच लिहिलं. पावती फाडून माझ्या हातात दिली आणि रतनबुवांना सांगितलं, "झाला. खोलीचा माणूस. आता गावा."

मग मी गायले. देवा, काय गायले. श्वेताची ढोलकी अशी बोलत होती की समोरचा मृदंगवाला दोनदा चुकला. पहिल्या फेरीला रतनबुवांनी आवाज लावला, बांबू खरंच हलतात. दुसऱ्या फेरीला मी डोक्यावरचा पदर सावरला, त्यांना बसल्या जागेवरून नमस्कार केला आणि माझी गवळण काढली:

सासरच्या दारी गेले, म्हणती जा गं माहेराला,
माहेराच्या दारी आले, म्हणती जा गं सासराला,
मधेच उभी मी देवा, पेटी घेऊन खांद्याला,
तूच सांग गणराया, टेकू कुठे या पाठीला.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पहिल्याच फेरीत ओळ उचलली. मग मागच्या बायकांनी, मग सगळ्यांनी. पुरुष आधी हसत होते, मग गप्प झाले, मग तेही गायला लागले. काका झांज वाजवता वाजवता डोळे पुसत होते, त्यामुळे ताल जरा सुटला. रतनबुवांनी पेटीवरचे हात उचलून माझ्याकडे जोडले, आणि त्यांच्या खास आवाजात आमच्यामागे ती ओळ ओढली. समोरच्या बाजूने आमची गवळण गायली, असं या बारीत आजवर झालेलं नाही म्हणतात. मी इतकी आनंदात कधी होते ते मला आठवत नाही. लग्नात नक्की नव्हते, तेव्हा साडी टोचत होती.

बारी संपल्यावर रतनबुवा तावातावाने गुणाजीकाकांशी भांडत होते. मला वाटलं, बारीवरून. नाही. आमच्या सुनेची वर्गणी तुम्ही आधी घेतलीच कशी, यावरून. मला बाजूला घेऊन म्हणाले, सूनबाई, पुढच्या खेपेला घाटकोपरला उतरायचं, आमच्याकडे दोन बाथरूम आहेत. मी म्हटलं, बघते. दोन बाथरूम ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

राजेशचा फोन आला. म्हणाला, पैसे वाचवायला गेलीस आणि भरून बसलीस? मग म्हणाला, परत ऐकव ना ती गवळण.

रविवार, संध्याकाळ

शेवटचा कार्यक्रम अंधेरीला झाला. हिशेब नीट आहे, तिघींना घरी न्यायला बऱ्यापैकी उरलंय, आणि वर्षभराची जागा.

श्वेताने मामाला नकार कळवला. माझ्यासमोरच फोन केला. अंधेरीहून येताना बसमध्ये मी तिला सगळं पटवून सांगितलं होतं, मुंबईत किती काम आहे, खोली आता आपली आहे, तिला ते पटलं. सुयोगला सांगितलं तर तो इतका हसत सुटला की मलाच नवल वाटलं. पुढची खेप कधी, मंगळागौरीच्या आधी नाही का, असं चारदा विचारलं. ढोलकीचा छंद माणसाला काय करतो. मावशी माझ्याकडे बघून मान हलवत राहिल्या, त्यांना बहुतेक ऊन लागलंय.

जेवण झालं. रोजच्यासारखी मी ताट तिथेच ठेवून उठले, आतल्या खोलीत येऊन पाय पसरले आणि ही वही घेतली. दारात गुणाजीकाका येऊन उभे राहिले. बनियनवर होते. पहिल्यांदाच शर्ट घातला नव्हता.

"उठ गो," म्हणाले. "भांडी कोण घासतला? तुझो वार आज."

उठते.